नाशिकहून परदेशी निघालात? स्लो कुकर कसा शोधायचा आणि त्यात आपला स्वयंपाक कसा करायचा

ऑगस्ट लागला की नाशिकमध्ये ओळखीच्या घरांतून बॅगा भरायची गडबड सुरू होते. कुणी सप्टेंबरात इंग्लंडला निघालेलं असतं, कुणी ऑक्टोबरच्या सत्रासाठी जर्मनीला. २३ किलोंच्या हिशोबात प्रेशर कुकर बसवायचा की नाही, यावर घरोघरी चर्चा झडते. माझं मत विचाराल तर छोटा कुकर जरूर न्या, पण रोजच्या जेवणाची भिस्त त्याच्यावर ठेवू नका. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. सामायिक स्वयंपाकघरात संध्याकाळी शेगडी मोकळी मिळेलच असं नाही. आणि सकाळी आठला बाहेर पडून अंधार पडल्यावर परतणाऱ्या माणसाला शिट्ट्या मोजत उभं राहण्याचं त्राण उरलेलं नसतं. मी आधी जर्मनीत आणि मग इंग्लंडमध्ये राहिले. दोन्हीकडे घरी आल्यावर गरम उसळ किंवा रस्सा ताटात पडला तो स्लो कुकरमुळे, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यामुळे.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली जाते आणि आतलं तापमान ११५ ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढतं. स्लो कुकर १०० अंशांच्या आतच राहतो आणि तिथवर पोचायलाही त्याला काही तास लागतात. आपल्या आज्या निखाऱ्यांची धग जेमतेम पोचणाऱ्या चुलीच्या वैलावर डाळ ठेवून शेतात जायच्या, तशी ही आच. त्यामुळे झाकण ठेवण्याआधी तुम्ही काय केलंत, यावर सगळं ठरतं. पुढच्या बहुतेक सूचना त्याबद्दलच आहेत.

१. आधी राहत्या जागेचे नियम वाचा

विकत घेण्याआधी हॉस्टेलचा किंवा भाड्याच्या घराचा करार काढून वाचा. इंग्लंडमधल्या बऱ्याच विद्यार्थी वसतिगृहांत खोलीत स्वयंपाकाचं कुठलंही विजेचं उपकरण चालत नाही, ते सामायिक स्वयंपाकघरातच वापरावं लागतं. काही ठिकाणी उपकरणाची विद्युत सुरक्षा तपासणी झाल्याचा स्टिकर मागतात, त्याला तिकडे 'पॅट टेस्ट' म्हणतात. उपकरण चालू ठेवून बाहेर जायला परवानगी आहे का, हेही विचारून घ्या. नसेल तर कुकर रात्री लावा आणि सकाळी डबा भरा. आठ तास तसेही झोपेत जातात.

हाताशी एवढं ठेवा:
- कराराची प्रत, त्यातला विजेच्या उपकरणांचा परिच्छेद खूण करून
- कुकरच्या तळाशी असलेल्या पट्टीचा फोटो (मॉडेल क्रमांक, व्होल्टेज, वॅट)
- नवीन असेल तर पावती आणि वॉरंटी. जुना असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेलं माहितीपत्रक
- अन्नाचं तापमान मोजायचा थर्मामीटर
- नाशिकहून नेलेलं लोखंडी कढलं. भांडी बाजारात चक्कर मारली की मिळतं, वजनाला काहीच नाही, आणि फोडणी दुसऱ्या कशात धड होत नाही.

स्लो कुकर मात्र इथून विकत घेऊन नेऊ नका. जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये व्होल्टेज आपल्यासारखंच २३० असलं तरी प्लग वेगळे आहेत, तिकडच्या नियमांची खूण आपल्या वस्तूवर असेलच असं नाही, आणि सिरॅमिकच्या भांड्याचं वजन तुमच्या मसाल्यांची जागा खातं. अमेरिकेत तर वीजच १२० व्होल्टची आहे.

२. आकार ठरवा आणि साधाच घ्या

एकट्यासाठी किंवा दोघांसाठी तीन ते साडेतीन लिटरचा पुरतो. अमेरिकेत माप क्वार्टमध्ये लिहितात. क्वार्ट लिटरपेक्षा जरासा लहान, म्हणजे तिथे तीन-चार क्वार्टचा बघा. 'पाहुणे आले तर?' म्हणून सहा लिटरचा घेण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. स्लो कुकर किमान अर्धा आणि जास्तीत जास्त दोन तृतीयांश भरलेला असावा लागतो. मोठ्या भांड्याच्या तळाशी दोन वाट्या उसळ टाकली की ती कडेने करपते आणि काठोकाठ भरलं की मधलं अन्न वेळेत तापत नाही.

लो, हाय, वॉर्म एवढ्याच खुणा असलेला गोल खटक्याचा कुकर मला सगळ्यात चांगला वाटतो. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. डिजिटलमध्ये ठरलेली वेळ झाली की तो आपोआप वॉर्मवर जातो, ही सोय खरी आहे. ज्यांचं घरी येणं लांबतं त्यांनी तो घ्यावा.

लो आणि हायबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. बहुतेक मॉडेल्समध्ये दोन्ही शेवटी उकळीच्या जवळपास त्याच तापमानाला पोचतात, फक्त हायवर लवकर आणि लोवर उशिरा. वॉर्म हे शिजलेलं गरम ठेवण्यापुरतं. वॉर्मवर कधीही कच्चं अन्न शिजवायला ठेवू नका.

इन्स्टंट पॉटसारख्या अनेक कामं करणाऱ्या भांड्यात 'स्लो कुक'चं बटण असतं, पण त्याला उष्णता फक्त तळातून मिळते. खऱ्या स्लो कुकरमध्ये ती जाड सिरॅमिकच्या भांड्याला भोवतालून मिळते. तुमच्याकडे ते आधीच असेल तर त्यात प्रेशरवरच शिजवा, स्लो कुकची अपेक्षा धरू नका.

३. कुठे मिळेल

इंग्लंडमध्ये अगदी सोपं आहे. आर्गोस, करीज आणि मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळतो आणि थंडीच्या तोंडावर सवलतीही लागतात. चॅरिटी शॉपमध्येही विचारा, पण विजेच्या वस्तू सगळीच चॅरिटी दुकानं ठेवत नाहीत. जी ठेवतात ती तपासून विकतात. अमेरिकेत वॉलमार्ट, टार्गेट आणि जुन्या वस्तूंसाठी गुडविल. तिथे हे भांडं घराघरात आहे. रायव्हल कंपनीने १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' नावाने ते बाजारात आणलं. त्याआधी अर्व्हिंग नॅक्सन यांचं मूळ यंत्र 'बीनरी' या नावाने विकलं जायचं, म्हणजे त्याचा जन्मच कडधान्य शिजवण्यासाठी झाला होता. आपल्या उसळींना ते मानवतं यात नवल नाही.

जर्मनीत थोडी शोधाशोध करावी लागते. गल्लीतल्या दुकानात बहुधा मिळत नाही. ऑनलाइन शोधताना 'शोनगारर' (Schongarer, म्हणजे स्लो कुकरच) असं लिहून बघा, नुसतं 'स्लो कुकर' टाकून सगळं समोर येत नाही. जुना हवा असेल तर 'क्लाइनआनत्साइगन' (Kleinanzeigen) या संकेतस्थळावर बघा. आणि सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट आणि तिथलं महाराष्ट्र मंडळ. शिक्षण संपवून निघणारे लोक उन्हाळ्यात घर रिकामं करतात, तेव्हा कुकर, गादी, टेबल सगळं एकदम विकायला निघतं. तुम्ही पोचण्याआधीच, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्येच, नाशिकहून मेसेज टाकून ठेवा.

४. जुना घेताना ही तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका

भेटायला गेल्यावर भांडं उचलून खिडकीपाशी न्या आणि आतून नख फिरवा. चकाकी जिथे उडाली असेल तिथे नख अडकतं. केसाएवढा तडा दिसला तरी नको म्हणा. अशा तड्यात अन्न अडकून सडतं, आणि तापल्यावर भांडं दुभंगू शकतं. मग वायर जिथे कुकरच्या अंगात शिरते तो भाग बोटांनी वाकवून बघा. बाकी वायर छान दिसत असली तरी रबर तिथेच आधी चिरतं. झाकण नीट टेकतं का, कडा फुटलेल्या नाहीत ना, तेही बघा. सैल झाकणातून वाफ निघून गेली की सगळे तास चुकतात. दुसऱ्या मॉडेलचं झाकण बसवलेलं असेल तर घेऊ नका. मॉडेल क्रमांक इंटरनेटवर टाकून ती वस्तू कंपनीने परत मागवलेली तर नाही ना, हे तिथेच उभ्या उभ्या तपासा.

घरी आणल्यावर अन्न शिजवण्याआधी पाण्याची चाचणी घ्या. भांडं अर्ध्याहून थोडं जास्त पाण्याने भरा, झाकण लावा आणि लोवर आठ तास ठेवा. झाकण उघडल्याबरोबर थर्मामीटर बुडवा. ८५ अंश किंवा त्याहून जास्त आलं तर कुकर ठीक. अमेरिकेतल्या थर्मामीटरवर हा आकडा १८५ फॅरेनहाइट दिसेल. त्याहून कमी आलं तर त्यात अन्न शिजवू नका, विकणाऱ्याला परत करा किंवा सोडून द्या. अन्नाला धोका ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात असतो, तिथे जंतू झपाट्याने वाढतात. चांगला कुकर तो पट्टा लवकर ओलांडतो, थकलेला तिथेच रेंगाळतो.

५. कुठे ठेवायचा

सपाट, कोरड्या ओट्यावर, भिंतीपासून वीतभर लांब. प्लग थेट भिंतीत लावा, एक्स्टेंशनवर नको. आदल्या रात्री भांडं भरून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी तसंच गार भांडं कुकरात बसवायचं, ही सवय लावू नका. भांडं तडकू शकतं आणि अन्न तापायला वेळही जास्त लागतो. चिरलेलं सामान वेगळ्या डब्यात ठेवा, मांस आणि भाज्या वेगवेगळ्या.

६. राजमा

याला स्वतंत्र क्रमांक मुद्दाम दिला आहे. कृपया हा भाग घाईत वाचू नका.

लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि नंतर जुलाब होऊ शकतात. घरी आपल्याला याचा त्रास कधी होत नाही, कारण प्रेशर कुकर ते द्रव्य नष्ट करतो. स्लो कुकरच्या मंद आचेवर ते नष्ट होईलच याची खात्री नसते. उलट ८० अंशांच्या आसपास अर्धवट तापलेल्या राजम्यात त्याची तीव्रता कच्च्यापेक्षाही वाढू शकते. दाणा मऊ लागतो, चव बरी असते आणि विष तसंच असतं.

तेव्हा क्रम असा. राजमा किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवा. ते पाणी फेकून द्या. नवीन पाणी घालून शेगडीवर खळखळून उकळवा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला ३० मिनिटांचा आहे. १० मिनिटांतही काम होतं असं सांगितलं जातं, पण मी ३० च पाळते. तेही पाणी ओता आणि मगच राजमा स्लो कुकरमध्ये घाला. पांढऱ्या घेवड्यासारख्या दाण्यांतही हे द्रव्य असतं, कमी प्रमाणात. तेव्हा मोठ्या दाण्याच्या प्रत्येक घेवड्याला हाच नियम लावा. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो, तो धुऊन थेट घातला तरी चालतो. थकून आलेल्या दिवशी खुशाल डबा उघडा.

७. उसळ, डाळ, रस्सा

भिजवलेले छोले दहा मिनिटं उकळून घेतले की हायवर चार तास किंवा लोवर सात-आठ तासांत शिजतात. हुलगे, चवळी याच वाटेने जातात. मोड आलेली मटकी मात्र नाजूक. हायवर दोन तासांनी एकदा बघा, नाहीतर मिसळीसाठी उसळीऐवजी पिठलं हाती येईल. मिसळीचा कट स्लो कुकरमध्ये करायला जाऊ नका. तर्री वर यायला तेलात मसाला परतावा लागतो, आणि ती आच इथे नाही. उसळ कुकरात आणि कट शेगडीवर, अशी वाटणी करा.

कडधान्य शिजेपर्यंत चिंच, आमसूल, टोमॅटो आणि गूळ लांब ठेवा. आंबट आणि गूळ आधी पडला की दाणा आठ तासांनीही टणक राहतो. सगळं बरोबर करूनही दाणा शिजत नसेल तर पाण्याकडे बघा. लंडनमध्ये आणि जर्मनीच्या अनेक भागांत पाणी जड आहे, किटलीच्या तळाशी पांढरा थर साचतो त्यावरून कळेल. भिजवताना पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घाला.

पाणी घरच्यापेक्षा कमी घ्या. झाकणाखालची वाफ परत भांड्यातच पडते, आटत काही नाही. कडधान्य जेमतेम बुडेल आणि वर बोटभर राहील एवढं पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कच्चा कांदा आणि कच्चा मसाला भांड्यात टाकून झाकण लावलंत तर संध्याकाळी उकडलेल्या कांद्याच्या वासाचं पाणी मिळेल. कांदा, खोबरं, लसूण परतल्याशिवाय आपल्या रश्श्याला रंग नाही आणि चवही नाही. रोज सकाळी हे करणं शक्य नसतं, म्हणून रविवारी आठवड्याचं वाटण एकदम करा. कांदे उभे चिरून तेलात चांगले तांबूस करा, सुकं खोबरं वेगळं भाजा, आलं-लसूण घालून वाटा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. गोठले की खडे पिशवीत काढून ठेवा. सकाळी दोन-तीन खडे, एक चमचा घरचा काळा मसाला, मीठ, शिजायचं ते सामान आणि गरम पाणी. झालं. परतताना खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकघराचं दार बंद, म्हणजे धुराचा अलार्म वाजणार नाही. मोहरी-जिरं-हिंगाची फोडणी वाढण्याआधी कढल्यात करून वरून ओता. आठ तास शिजलेली फोडणी लागत नाही.

मटणासाठी जर्मनीत तुर्की दुकानात आणि इंग्लंडमध्ये हलाल दुकानात जा, खांद्याचं हाडासकट मागा. वाटणाबरोबर कढईत परतून घेतलेलं मटण लोवर सात-आठ तासांत हाडापासून सुटतं. बटाटे आणि गाजर तळाशी घाला, मटण वर. कंदमुळं इथे मांसापेक्षा हळू शिजतात. कोंबडीचं तंगडीचं मांस घ्या, छातीचं कोरडं पडतं. गोठलेलं मांस आदल्या दिवशी फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्या. गोठलेला गोळा स्लो कुकरमध्ये घालणं धोक्याचं आहे, तो बराच वेळ त्या ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात राहतो.

भात यात करू नका. चिकट होतो. पातेल्यात वीस मिनिटांत होतो तेवढा पुरे.

शिजत असताना झाकण उघडून ढवळण्याची आपली सवय इथे महागात पडते. एकदा झाकण उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. दूध, दही, नारळाचं दूध शेवटच्या अर्ध्या तासात घाला, आधी घातलं तर फाटतं.

उरलेलं अन्न कुकरातच ठेवून देऊ नका. उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी शेगडीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये सणसणीत गरम करा. गार अन्न गरम करण्याचं काम स्लो कुकरचं नाही.

८. तूप आणि दही

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा हे सगळं त्यात येतं. आईने कितीही घट्ट झाकणाची बरणी भरून दिली तरी ती विमानतळावर काढून घेऊ शकतात. म्हणून तूप तिथेच करा. बिनमिठाचं लोणी भांड्यात घालून लोवर ठेवा, झाकण लाकडी चमच्याने किलकिलं ठेवा म्हणजे पाण्याची वाफ बाहेर जाईल. काही तासांनी बेरी तळाशी बसते, तांबूस होते आणि वर पारदर्शक तूप दिसतं. बेरी करपायच्या आत गाळा. शेवटच्या टप्प्यावर घरी असणं गरजेचं, हे तूप लावून बाहेर जायचं नाही.

दह्यासाठी दूध ८२ अंशांपर्यंत तापवा, ४५ पर्यंत निवू द्या आणि विरजण लावा. कुकर बंद करा, प्लग काढा, भांडं जाड टॉवेलात गुंडाळून रात्रभर कुकरातच राहू द्या. डिसेंबरच्या थंडीत, जेव्हा ओट्यावर दही लागत नाही, तेव्हा हा उपाय चालतो.

९. विजेचा खर्च

साडेतीन लिटरचा कुकर साधारण दीडशे ते अडीचशे वॅटचा असतो. आठ तासांत सव्वा ते दोन युनिट जातात. भाड्यात वीज धरलेली नसेल तर एका वेळी तीन जेवणांचं करा आणि डबे गोठवा.

१०. नाशिकला परत आणायचा असेल तर

इंग्लंड किंवा जर्मनीचा कुकर २३० व्होल्टचाच असतो. इथल्या इलेक्ट्रिशियनकडून नीट अर्थिंग असलेला भारतीय प्लग लावून घेतला की चालतो. अमेरिकेतला १२० व्होल्टचा कुकर मात्र आपल्या सॉकेटला थेट लावू नका. पिन बदलणाऱ्या अ‍ॅडॉप्टरने व्होल्टेज कमी होत नाही. दुप्पट व्होल्टेजला तो सुमारे चौपट वीज ओढेल आणि जळेल. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही कुकरच्या वॅटपेक्षा भरपूर मोठा. तीनशे वॅटच्या कुकरला पाचशेचा घ्या. तो जड असतो आणि आठ-आठ तास चालवायचा म्हणजे तापतो. माझ्या मते अमेरिकेचा कुकर तिथेच पुढच्या विद्यार्थ्याला द्यावा आणि इथे २३० व्होल्टचा मागवावा.

नाशिकमध्ये वापरताना लक्ष ठेवायचं ते वीज जाण्यावर, विशेषतः पावसाळ्यात. तुम्ही घरी असाल आणि अन्न अर्धकच्चं असताना वीज गेली तर लगेच पातेल्यात काढून गॅसवर शिजवून घ्या. पूर्ण शिजल्यावर गेली तर झाकण न उघडता दोन तासांपर्यंत चालतं. तुम्ही बाहेर असताना गेली असेल आणि किती वेळ ते कळायला मार्ग नसेल तर ते अन्न टाकून द्या, दिसायला शिजलेलं असलं तरीही. खटक्याचा कुकर वीज आल्यावर आपोआप पुन्हा सुरू होतो, त्यामुळे मधे तो तासन्‌तास बंद होता हे त्याच्याकडे बघून समजत नाही. बाहेर जाताना त्याच विजेच्या लाइनवर एखादं साधं डिजिटल घड्याळ लावून ठेवा, वीज गेली की उघडझाप करत राहणारं. आल्यावर आधी ते बघा, मग झाकण उघडा.